शत्रूआधी घर फसतं: युद्धातला प्रचार चालतो कसा

१२ ऑक्टोबर १९४४. जपानच्या दक्षिणेकडल्या क्युशू बेटावरून विमानं उडाली ती फोर्मोसाजवळ, म्हणजे आजच्या तैवानजवळ, अमेरिकेचा तिसरा नौदल ताफा गाठायला. पुढचे चार-पाच दिवस हे हल्ले चालले, त्यातले बरेच संध्याकाळी आणि रात्री. वैमानिक नवखे होते, कारण अनुभवी मंडळी आधीच्या दोन वर्षांत कामी आली होती. काळोखात खाली आगीचा लोळ दिसला की ते जहाजच पेटलं असं धरायचं. पुष्कळदा पाण्यावर जळत असायचं ते आपलंच पडलेलं विमान. तळावर परतलेला प्रत्येक जण आपापला लोळ सांगायचा. एकच लोळ तिघांनी पाहिला की कागदावर तीन जहाजं चढायची.

१९ ऑक्टोबरला टोकियोच्या युद्धमुख्यालयाने एकत्रित हिशोब जाहीर केला: ११ विमानवाहू नौका आणि २ युद्धनौका बुडवल्या, शिवाय क्रूझर वगैरे वेगळ्या. खरा हिशोब असा की एकही जहाज बुडालं नव्हतं. कॅनबेरा आणि ह्यूस्टन या दोन क्रूझरना टॉर्पेडो लागले होते आणि त्या ओढत नेल्या जात होत्या. जपानची मात्र ३००हून जास्त विमानं गेली होती. या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल हॉल्सी याने वर कळवलं की, टोकियो रेडिओने बुडवलेली आमची सगळी जहाजं पाण्याबाहेर काढली असून ती पूर्ण वेगाने शत्रूकडे ‘माघार’ घेत आहेत. हा टोमणा अमेरिकेने पुढे जगजाहीरही केला.

इथपर्यंत हे नेहमीचंच. युद्धात बाता कोण मारत नाही? पण पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. लष्कराचा गुप्तवार्ता अधिकारी होरी एइझो योगायोगाने त्याच सुमारास कानोयाच्या तळावर होता. जहाज बुडालं हे कशावरून कळलं, कुठल्या प्रकारचं होतं, कुणी पाहिलं, असे साधे प्रश्न त्याने परतलेल्या वैमानिकांना विचारले. उत्तरं गुळमुळीत आली. हा विजय संशयास्पद आहे अशी तार त्याने वर पाठवली, ती कुणी मनावर घेतली नाही. नौदलाला टेहळणी विमानांकडून लवकरच कळलं की अमेरिकन विमानवाहू नौका शाबूत आहेत. हे नौदलाने लष्कराला सांगितलं नाही. एव्हाना देशभर आनंद साजरा होत होता. त्यात ‘आमचं चुकलं’ म्हणायला पुढे येणार कोण?

परिणाम असा झाला की फिलिपिन्सची निर्णायक लढाई लुझोन बेटावर द्यायची हा ठरलेला बेत लष्कराने बदलला. शत्रूचं नौदल मोडलंच आहे, तर सैन्य समुद्रमार्गे, अमेरिकन जिथे उतरले त्या लेयते बेटावर नेऊन तिथेच लढू, असं ठरलं. सेनापती यामाशिताचा याला विरोध होता, तो मानला गेला नाही. लेयतेवर उतरवलेल्या हजारो जपानी सैनिकांपैकी फार थोडे जिवंत परतले. वाटेत जहाजांसकट बुडाले ते वेगळेच, आणि त्यांना बुडवणाऱ्यांत तोच कागदावर बुडालेला ताफा होता.

युद्धातल्या प्रचाराबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा शत्रूला फसवण्याबद्दल बोलतो. पण प्रचाराचं खरं गिऱ्हाईक घरातलं असतं: आपली जनता, आपले सैनिक, आपलेच मंत्री. शत्रूकडे स्वतःची टेहळणी विमानं असतात, स्वतःची जहाजं तो स्वतः मोजतो. घरच्या माणसाला मोजता येत नाही, त्याला निवेदनावर विसंबावं लागतं. त्यामुळे फसण्याची पहिली पाळी त्याची येते.

सरकारला जनतेकडून नेमकं हवं काय असतं? तीन गोष्टी: माणसं, पैसा आणि गप्प बसणं. देशप्रेमाचा जल्लोष हा या तिन्हींकडे जायचा रस्ता आहे.

माणसांचं पाहा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सक्ती नव्हती, तेव्हा १९१५ अखेरपर्यंत सुमारे २५ लाख लोक आपणहून भरती झाले. कारखान्यातले, पेठेतले, क्रिकेट क्लबातले मित्र एकाच पलटणीत घालू, असं वचन दिलेलं असे. भरतीसाठी युक्ती नामी होती. पण एका सकाळी ती पलटण तोफांखाली सापडली की एकाच गल्लीत घरोघरी मृत्यूच्या बातम्या यायच्या, आणि जी गल्ली भरतीला धावली होती तीच गारठायची. स्वेच्छेची भरती अपुरी पडू लागल्यावर जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला. हिंदुस्थानातून या युद्धात १३ लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि इथे प्रश्न वेगळाच उभा राहिला: ज्याला राज्यात वाटा नाही त्याने कशासाठी मरायचं? जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने बोलावलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीची सांगड स्वराज्याशी घालायला सुरुवात केली. गव्हर्नरने त्यांना मध्येच थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. नुसत्या भित्तिपत्रकांनी काम भागत नाही याची ही आपल्याकडची चांगली नोंद आहे.

पैशाची गोष्ट जास्त चतुर असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सामान्य माणसासाठी युद्धरोखे काढले. आज १८.७५ डॉलर भरा, दहा वर्षांनी २५ घ्या. एवढेही नसतील तर पोस्टातून १० किंवा २५ सेंटची तिकिटं घ्या, वहीत चिकटवत जा आणि वही भरली की रोखा घ्या. शाळेतली पोरंसुद्धा चिकटवत होती. सरकारला रोकड मिळत होती हे उघडच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्यांत पगार वाढले होते पण बाजारात विकत घ्यायला वस्तू नव्हत्या. तो पैसा बाजारात उतरला असता तर महागाईचा भडका उडाला असता, म्हणून तो रोख्यांत अडकवला. आणि ज्याच्या वहीत तिकिटं चिकटलेली आहेत तो युद्ध हरावं असं कधी म्हणेल का?

तिसरी मागणी गप्प बसण्याची, आणि हल्ली तीच सर्वांत जास्त चालते. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा त्याचं अधिकृत नाव ‘विशेष लष्करी कारवाई’ असं ठेवलं, आणि सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा मार्चच्या पहिल्या आठवड्यातच केला. लोकांनी आपल्या कामाधंद्याला लागावं, बाकीचं आम्ही बघतो, असा तो सौदा होता. २१ सप्टेंबरला ३ लाख राखीव माणसांना बोलावणं धाडलं, तेव्हा हा सौदा मोडला आणि रशियातून जॉर्जिया आणि कझाकस्तानला जाणाऱ्या सीमांवर मोटारींच्या रांगा लागल्या. जनमत चाचणीत ‘पाठिंबा आहे’ म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या मुलाची पिशवी भरून देणं वेगळं. पाठिंबा मोजताना हा फरक बहुतेक जण विसरतात.

जाता जाता, ‘प्रॉपगंडा’ हा शब्दच चर्चमधून आला. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी रोममध्ये एक संस्था काढली, तिच्या लॅटिन नावातला हा तुकडा. त्या संस्थेने दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो या गोव्याच्या माणसाला १६३७ मध्ये बिशप केलं, म्हणून गोव्यातले पोर्तुगीज धर्माधिकारी संतापले. पुढे मुंबईतली चर्चसुद्धा ‘पाद्रोआदो’ (पोर्तुगीज राजाचा अधिकार मानणारी) आणि ‘प्रॉपगंडा’ (रोमच्या या संस्थेची) अशा दोन गटांत वाटली गेली. तेव्हा या शब्दात खोटेपणाचा वास नव्हता, तो पहिल्या महायुद्धाने चिकटवला.

कसा चिकटवला ते पाहण्यासारखं आहे, कारण आजच्या प्रचाराचे बहुतेक सुटे भाग तिथेच घडले. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्यावर काही तासांत, ‘अलर्ट’ नावाच्या ब्रिटिश केबल-जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या समुद्री तारा उचलून कापल्या. अमेरिकेकडे जाणाऱ्या बातम्यांची मुख्य वाट आता लंडनहून. पहिला नियम हाच: आधी वाट धरायची, मग मजकूर. सप्टेंबरात वेलिंग्टन हाउस या इमारतीत गुप्त प्रचार कार्यालय सुरू झालं. त्याचा प्रमुख मास्टरमन याने नावाजलेले लेखक जमवले. त्यांची पुस्तकं नेहमीच्या प्रकाशकांच्या नावाने निघत, सरकारचा शिक्का कुठेही नसे. अमेरिकेतले प्राध्यापक, संपादक, पुढारी यांच्या याद्या करून त्यांना ती ओळखीतल्या माणसाने पाठवावीत तशी पोचवली जात. आपल्या गावात पुढारी, मास्तर आणि दुकानदार पटले की गाव पटतं, तोच हिशोब.

मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांवरचा ब्रिटिशांचा ब्राइस अहवाल आला, जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवल्यानंतर पाचच दिवसांनी. त्याची ३० भाषांत भाषांतरं झाली. जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये हजारो नागरिक मारले होते आणि लूव्हँचं ग्रंथालय जाळलं होतं, ते खरंच. पण अहवालाने त्यात ऐकीव आणि भयंकर किस्से मिसळले. साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, साक्षीदारांची नावंही दिली नव्हती. एप्रिल १९१७ मध्ये तर बातमी फिरली की जर्मन आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात. मुळात जर्मन बातमीत शब्द होता ‘काडाव्हर’, जो जर्मनमध्ये मेलेल्या जनावरासाठी वापरतात. शब्दशः ‘ध’चा ‘मा’. १९२५ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याने ही गोष्ट निराधार असल्याचं संसदेत मान्य केलं.

याची किंमत ज्यांनी खोटं पसरवलं त्यांनी मोजलीच नाही. १९४२ मध्ये नाझी ज्यूंना पद्धतशीर मारत आहेत अशा बातम्या लंडन-वॉशिंग्टनला पोचल्या, तेव्हा बऱ्याच अधिकाऱ्यांना आणि संपादकांना ती प्रेतांची चरबी आठवली. पुन्हा तसंच काहीतरी असेल, म्हणून खऱ्या बातम्या आतल्या पानांत गेल्या. लांडगा आला रे आला, पण मेंढरं दुसऱ्याचीच.

म्हणून कसलेला प्रचारक सहसा धादांत खोटं बोलत नाही. तो खऱ्यातलं निवडतो. इराकने बळकावलेलं कुवेत सोडवायला अमेरिकेने लढलेल्या १९९१ च्या आखाती युद्धात रोज टीव्हीवर दिसे तो बॉम्ब नेमका खिडकीतून आत शिरताना. दृश्यं अस्सल होती. पण टाकलेल्या एकूण बॉम्बपैकी असे ‘शहाणे’ बॉम्ब दहा टक्क्यांहून कमी होते. बाकीचे जुन्याच पद्धतीचे, त्यांचं चित्रण कुणी दाखवलं नाही. आपण डोळ्यांनी पाहिलं ते खरं, त्यावरून केलेली समजूत चुकीची.

त्याच युद्धाआधीची ‘नायिरा’ची साक्ष प्रत्येकाने तपशिलात पाहावी अशी आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकन काँग्रेसच्या मानवाधिकार गटासमोर १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी इस्पितळातली अर्भकं काचेच्या पेट्यांतून काढून थंड फरशीवर टाकली. सुरक्षेचं कारण देऊन आडनाव सांगितलं नाही. जिथे साक्ष झाली तो अधिकृत समितीऐवजी सदस्यांचा अनौपचारिक गट होता, त्यामुळे शपथ नाही आणि खोट्या साक्षीचा गुन्हाही नाही. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हा किस्सा वारंवार सांगितला. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटमध्ये युद्धाचा ठराव ५२ विरुद्ध ४७ असा जेमतेम मंजूर झाला. वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताची होती आणि साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती. कंपनीला कुवेतच्या पैशावर चालणाऱ्या संघटनेकडून सुमारे १ कोटी डॉलर मिळाले होते. अर्भकांची गोष्ट तपासात टिकली नाही. गंमत अशी की इराकी सैन्याने कुवेतमध्ये खरोखरच लूट, छळ, खून केले होते. पण खऱ्या अत्याचारांत कॅमेऱ्यासमोर सांगता येईल असा एकच चेहरा आणि एकच गोष्ट सापडावी लागते. सापडली नाही की बनवली जाते.

आता पाठिंबा टिकतो किती? जॉन म्यूलर या अभ्यासकाने कोरिया आणि व्हिएतनाम युद्धांच्या जनमत चाचण्या तपासून एक ढोबळ प्रमाण मांडलं: आपल्या सैनिकांची हानी दसपट झाली की पाठिंबा सुमारे १५ टक्क्यांनी घसरतो. हजारावरून दहा हजारांवर गेली तर १५, आणि दहा हजारांवरून लाखावर गेली तर आणखी १५. म्हणजे सुरुवातीचे मृत्यू सर्वांत जास्त चटका देतात, पुढे पुढे मन निबर होतं. कुठलंही सरकार पहिल्या आठवड्यातल्या शवपेट्यांना इतकं का घाबरतं, ते यावरून समजावं.

पण मृत्यूंपेक्षाही पाठिंब्याला लवकर मारते ती अपेक्षा. नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्याचा प्रमुख जनरल वेस्टमोरलंड याने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर सांगितलं की व्हिएतनाम युद्धाचा शेवट आता दिसू लागला आहे. अडीच महिन्यांत, जानेवारी १९६८ अखेर, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी १००हून जास्त शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले केले. सायगॉनमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात हल्लेखोर घुसले. लष्करी हिशोबात हा हल्ला करणारेच हरले, त्यांची हानी प्रचंड झाली. पण घरी टीव्ही पाहणाऱ्याने प्रश्न केला, शेवट दिसत होता ना, मग हे कोण? युद्धात पडणं ही चूक होती असं म्हणणारे ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के होते, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ झाले. ‘अजून दोन वर्षं लागतील, कठीण आहे’ असं आधी सांगितलं असतं तर हाच हल्ला पचला असता. माझ्या मते युद्धकाळातल्या प्रवक्त्याला शिकवायची पहिली गोष्ट हीच असायला हवी: तारीख देऊ नका.

१९७१ मध्ये पश्चिम पाकिस्तानातल्या लोकांनी याहून मोठा धक्का खाल्ला. सगळं ठीक चाललंय हे शेवटपर्यंत ऐकलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पूर्व पाकिस्तानातले मिळून ९३ हजार जण कैद झाले. चार दिवसांत याह्याखानांना पायउतार व्हावं लागलं. उलट भारताचा त्या युद्धातला परिणामकारक प्रचार साधा होता: जनरल माणेकशा यांचं आवाहन, पत्रकं आणि रेडिओ दोन्हींतून. तुम्ही वेढले गेला आहात, शरण या, जिनिव्हा करारानुसार वागवू. वेढा खरा होता, वाचणाऱ्या सैनिकाला तो बंकरमधून दिसत होता, म्हणून पत्रक पटलं.

कारगिलमध्येही तेच. जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये आणि त्यांचे सहकारी जनरल अझीज पाकिस्तानात. त्यांचं फोनवरचं बोलणं भारताने पकडलं आणि ११ जून १९९९ ला जाहीर केलं, तेही पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत यायच्या आदल्या दिवशी. ‘घुसखोर मुजाहिदीन आहेत’ हा दावा पाकिस्तानच्याच सेनाप्रमुखाच्या, मुशर्रफांच्या, आवाजाने मोडला. खरा पुरावा, अचूक मुहूर्त. फोन ऐकला जातोय हे उघड करून गुप्तचरांनी पुढची वाट बंद करून घेतली, ही त्याची किंमत.

आता कार्यालय, इमारत, मास्टरमन काहीच लागत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, त्या ८ तारखेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ठणकावून सांगितलं. बंदर सकाळी जागेवर होतं. दोन्हीकडच्या मोबाइलवर जुन्या युद्धांची दृश्यं आणि ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधले तुकडे खरे म्हणून फिरले. या गेमच्या निर्मात्यांनीच २०२२ मध्ये ओळखण्याच्या खुणा सांगितल्या होत्या: चित्र मुद्दाम अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुतेक रात्र, आवाज गायब, आणि चालती-फिरती माणसं जवळजवळ नाहीत. स्फोट दिसतो पण कुणी पळताना दिसत नाही, तर थांबावं.

निवेदन वाचताना होरीचे प्रश्न अजून कामाला येतात. विमान पाडलं म्हणताय, तर अवशेष कुठे, शेपटीवरचा क्रमांक कुठला? ‘१०० जण मारले’ हे कुणी मोजलं, कारण बॉम्ब टाकणारा खाली उतरून मोजत नाही. ठिकाण आणि वेळ दिली आहे का? आणि स्वतःच्या नुकसानीला ‘किरकोळ’ म्हटलं असेल तर आकडा का नाही? जून १९४२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या मिडवेच्या लढाईत जपानच्या ४ विमानवाहू नौका बुडाल्या, निवेदनात लिहिलं एक बुडाली आणि एक नुकसानग्रस्त. जखमी खलाशांना इस्पितळात इतरांपासून वेगळं कोंडून ठेवलं, घरी पत्र लिहायला बंदी. आजही जपानी भाषेत ‘मुख्यालयाचं निवेदन’ म्हणजे थाप.

आपले मेलेले किती, हा आकडा सर्वांत शेवटी कळतो. पानिपतानंतर पेशव्यांना बातमी कळली ती सावकारी पत्रातून, अशी आठवण आपल्याकडे सांगितली जाते: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला याची गणती नाही. ज्याचे पैसे अडकलेत त्याला बातमी खरी लागते. कारगिलच्या वेळी भारताने शवपेट्या गावोगावी पाठवल्या आणि अंत्यसंस्कार टीव्हीवर दिसले. हानी उघड झाली तरी पाठिंबा वाढला. पलीकडे पाकिस्तानने आपल्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या मृतांना सुरुवातीला आपलं म्हणायलाही नकार दिला, त्यातल्या कित्येकांना भारतीय जवानांनी डोंगरावरच नमाज पढून दफन केलं. २०१० मध्ये पाकिस्तानी सैन्याच्या संकेतस्थळावर हुतात्म्यांच्या यादीत बटालिक-कारगिल भागातली ४५३ नावं गाजावाजा न करता चढवली गेली.